वास खालून येत होता

सिलिंडर जितकं बंदिस्त, तितकं ते सुरक्षित, अशी माझी पक्की समजूत होती. ती माझ्यापुरती ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण मी ती इतरांना पटवून देत होतो. आज हे लिहायला बसलो त्याचं कारणही तेच आहे. माझं ऐकून ज्यांनी आपल्या गाडीत सिलिंडरसाठी बंद खण करून घेतले, त्यांतल्या काहींपर्यंत मी अजून पोचलेलो नाही.

नागपूरजवळ मौद्यात माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी, भट्ट्या, दिवे, भोंगे असं सगळं. वडिलांच्या काळात लग्नाचा स्वयंपाक चुलवणावर व्हायचा आणि कार्याच्या आदल्या दिवशी लाकडांचा ट्रॅक्टर यायचा. माझ्या हाती धंदा आला तोवर १९ किलोची सिलिंडर आली होती. पुढे २००५ च्या आसपास भारनियमन इतकं वाढलं की ऐन मुहूर्तावर अंधार होईल या भीतीनं लोक आधी इन्व्हर्टर आहे का ते विचारायचे आणि मग खुर्च्यांचा भाव. धान निघालं की आमच्याकडे उन्हाळ्यात कोरड्या बांधीत मंडप पडतात. तिथं विजेचा खांब नसतो. म्हणून गॅस आणि बॅटरी या दोन्ही वस्तू एकाच टेम्पोतून माझ्याबरोबर फिरू लागल्या. गॅसची काळजी मी करत होतो. बॅटरीची काळजी करायची असते हे माझ्या गावीही नव्हतं. आम्लानं हात भाजतो, कपड्याला भोकं पडतात, तेवढीच तिच्याविषयीची माझी भीती.

श्रावणात हाच टेम्पो नागद्वारला जातो. पचमढीच्या डोंगरातली ही यात्रा नागपंचमीला संपते. विदर्भातून माणसं कोसळत्या पावसात तिथं चालत असतात आणि विदर्भातलीच मंडळं त्यांच्यासाठी भंडारे लावतात. आमचं मंडळ लहान, पण भात, वरण, भाजी आणि कढत चहा कधी चुकला नाही. मौद्याहून नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया आणि मटकुलीवरून वर पचमढी. वाटेत ताडपत्रीखाली पोती, पातेली आणि मंडळाची माणसं. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत होतं. तरी बसवत होतो.

टेम्पोच्या हौद्यात, केबिनच्या पाठीशी, मी पत्र्याचा खण करून घेतला होता. चार फूट रुंद, तीन फूट खोल, पाच फूट उंच. खाली सिलिंडर उभी, वरच्या फळीवर इन्व्हर्टर आणि बॅटरी. धूळ आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून दाराच्या कडेनं रबराची पट्टी लावली होती आणि वर कुलूप. दार लावलं की पट्टी अशी दबायची की आत बोट शिरेना. वेल्डरनं विचारलं होतं, भोकं ठेवू का थोडी? मी नको म्हणालो. भोकं कशाला ठेवायची? गॅस बाहेर यायला? माझं उत्तर मला तेव्हा फार तर्कशुद्ध वाटलं होतं.

हा खण मी दाखवत फिरलो. लग्नाच्या ठिकाणी दुसरे बिछायतवाले भेटले की दार उघडून दाखवायचो. पोरं हात लावत नाहीत, चोरी होत नाही, ऊन लागत नाही, सगळं एका ठिकाणी. कोणी शंका काढली तर माझ्याकडे शेवटचं वाक्य तयार होतं: इतकी वर्षं काही झालं नाही. या वाक्यापुढे कोणी बोलत नाही, कारण ते खोटं नसतं. पण ते कशाचा पुरावा आहे, हे मी स्वतःला कधीच विचारलं नाही.

दुसरी एक अढी माझ्या मनात होती, तीही सांगतो. मौद्याजवळ एनटीपीसीचं वीज केंद्र आहे, २३२० मेगावॉटचं. आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं तिथं ठेकेदाराकडे कामाला जातात. ती घरी आली की बोलण्यात हेल्मेट, परमिट, सेफ्टी हे शब्द येत. मला त्याचा राग यायचा. ज्यांच्या बापांनी उघड्या हातानं विजेच्या तारा जोडल्या, त्यांची पोरं आता आम्हाला जपून चालायला शिकवणार, असं वाटायचं. सावधपणा म्हणजे भित्रेपणा, आणि भित्रेपणा म्हणजे नोकरदारांचं लक्षण, इतका सरळ हिशेब मी लावून ठेवला होता. धंदा करणाऱ्यानं धाडस करायचं असतं म्हणे! धाडस माझं होतं आणि बसणारी माणसं दुसऱ्यांची होती.

२०२३ च्या श्रावणात मंडळाबरोबर असाच एक पोरगा पहिल्यांदा आला. त्या केंद्रात बॅटऱ्यांच्या खोलीत देखभालीचं काम करायचा. निघताना त्यानं खणाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "काका, याले हवा कुठून लागते?" मी म्हणालो, हवा लागू नये म्हणूनच केलाय. तो गप्प बसला.

रस्त्यानं भजन चालू असावं म्हणून भोंगा बॅटरीवर लावलेला असे आणि बॅटरी गाडीच्या इंजिनावर चार्ज होत राहील अशी तार मी स्वतः ओढून घेतली होती. त्या तारेमुळे बॅटरी जास्त चार्ज होऊन तापायची, आणि तापली की तिला सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. तो वास आमच्या ओळखीचा झाला होता. म्हणून सौंसरच्या पुढे मागच्या माणसांनी वास येतो म्हणून हाक दिली, तेव्हा मी केबिनमधूनच ओरडलो, "बॅटरीचा आहे, काही होत नाही." छिंदवाड्यात पुन्हा तेच. परासियात चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्या भक्तानं तक्रार केली की हा पोरगा विडी पेटवू देत नाही. मला पोराचा संताप आला. वडीलधाऱ्याला अडवणारा तू कोण, असं मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. तो एवढंच म्हणाला, "काका, एक रात्र विडी नाही ओढली त का होते?"

तामियाच्या पुढे घाटात पाऊस वाढला. रस्त्याकडेला एक टपरी दिसली म्हणून गाडी लावली. टपरी उताराला, आमच्या पुढे वीसेक पावलांवर होती आणि तिच्या भट्टीचा जाळ लांबून दिसत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. भोंगा चालूच होता, कारण तो बॅटरीवर होता. मी मागे गेलो तेव्हा तो पोरगा खाली उतरून माझीच वाट पाहत होता.

"काका, हा वास बॅटरीचा नाही. बॅटरी वर आहे. हा वास खालून येऊन रायला."

भजनाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी भोंगा बंद करायला हात पुढे केला. त्याचं बटण खणाच्या दारावरच बसवलेलं होतं. पोरानं माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच. "स्विचले हात नोका लावू. चालू आहे ते चालू राहू द्या."

त्या क्षणी मला आधी अपमान वाटला, भीती नंतर आली. माझ्या टेम्पोपाशी, माझ्या माणसांसमोर, माझ्या मुलाहून लहान पोरगा माझा हात धरून उभा होता. मी हात ओढलाही. त्यानं सोडला नाही. मग मला वास आला, आणि तो खरोखर पायांकडून येत होता. हौद्याच्या फळ्यांच्या फटींतून, चाकांपाशी, ओल्या रस्त्यावर. केबिनमध्ये बसून जो मला बॅटरीचा वाटला होता तोच वास. मी तो सौंसरपासून नाकानं घेत होतो आणि तोंडानं नाकारत होतो.

पुढचं सगळं त्यानं केलं. माणसांना उतरवून टपरीकडे जाऊ दिलं नाही, चढावर मागे नेलं. स्टार्टर मारायचा नाही असं ड्रायव्हरला बजावलं. मला टपरीवाल्याकडे पाठवलं. मी त्याला हात जोडून भट्टी विझवायला सांगितली. तो माणूस कुरकुरला, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं विझवली. गॅस हवेहून जड असतो, तो पाण्यासारखा उताराला धावतो आणि उताराला जाळ होता, हे मला तेव्हा कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. मग ताडपत्री दोन्ही बाजूंनी सोडली, खणाचं दार सावकाश उघडलं आणि आम्ही लांब उभे राहिलो. पाऊस पडत होता, वारा होता, आणि अंधारात रिकाम्या टेम्पोवर भजन चालू होतं. कोणी बोलत नव्हतं. ज्या म्हाताऱ्याला विडी मिळाली नव्हती तो माझ्या शेजारी भिजत उभा होता. त्याच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

वास पार गेल्यावर पोरानं लांबूनच टॉर्च लावून आणली आणि एकेका सिलिंडरच्या तोंडावर ओंजळीनं पाणी ओतलं. एकाच्या तोंडाशी बुडबुडे आले. आतला रबरी वायसर झिजला होता. "टोपी कुठं आहे याची?" त्यानं विचारलं. सिलिंडरला दोरीनं बांधलेली प्लास्टिकची टोपी असते ना, ती नेमकी यासाठी असते. वायसर गळला तरी टोपी दाबून बसवली की गॅस थांबतो. त्या टोप्या मीच कापून फेकत आलो होतो, भट्टी लावताना मध्ये येतात म्हणून. एका नव्या सिलिंडरची टोपी काढून त्यानं या सिलिंडरवर बसवली, पुन्हा पाणी ओतलं, बुडबुडे थांबले.

इथं कदाचित कोणी म्हणेल की माणूस एवढ्यानं बदलायला हवा. मी नाही बदललो. खरं सांगतो, पचमढीला पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं: एजन्सीनं खराब सिलिंडर दिलं. खण चांगलाच होता, सिलिंडर वाईट निघालं. माणूस आपली चूक किती लवकर दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो, याचा अनुभव मी त्या चढावर घेतला.

समजूत तडकली ती दुसऱ्या दिवशी, उजेडात. पोरानं बॅटरी खाली काढली होती आणि मला बोलावलं. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर हिरवा-पांढरा थर चढला होता. तो त्यानं गरम पाण्यानं धुतला. तार खुंटीला जिथं आवळलेली होती तिथं ती सैल होती, हातानं हलत होती. आणि खुंटीवर एक काळा खड्डा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. शिसं वितळून बसल्यासारखा. "इथं ठिणगी पडते," तो म्हणाला. "खड्ड्यात गाडी आदळली का पडते."

मी त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. तो एका रात्रीत झालेला नव्हता. खाली सिलिंडर, वर ही ठिणगी, मध्ये बंद हवा आणि भोवती माझी रबराची पट्टी. किती रस्ते, किती खड्डे, किती लग्नाची वऱ्हाडं आणि किती भक्त त्या खणाला पाठ टेकून बसले असतील! इतकी वर्षं काही झालं नाही हे खरंच होतं. पण ते माझ्या हुशारीमुळे झालं नव्हतं. गॅस गळला त्या दिवशी ठिणगी पडली नाही आणि ठिणगी पडली त्या दिवशी गॅस गळला नाही, एवढंच. मी नशिबाला अनुभव म्हणत आलो होतो.

मग त्यानं असा एक प्रश्न विचारला की आजही तो मला आठवला की स्वतःची लाज वाटते. "काका, तुमी बॅटरीत पाणी टाकता. ते पाणी जाते कुठं?"

मी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकत आलो होतो. महिना झाला की झाकणं उघडायची, पातळी बघायची, ओतायचं. पाणी कमी होतं हे मला माहीत होतं. कुठं जातं, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. बॅटरी चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावरही वीज देत राहिलो तर, पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात आणि झाकणांतून बाहेर पडतात. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली ही गोष्ट. मी जितकं पाणी ओतलं, त्यातलं बरंचसं हायड्रोजन होऊन माझ्याच खणाच्या छताखाली साठत गेलं होतं. हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू, तो वर जातो. त्याला रंग नाही, वासही नाही. हवेत तो ४ टक्के झाला की पेटू शकतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो. त्याला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसेलच असं नाही.

स्वयंपाकाचा गॅस याच्या उलट. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुपटीनं. आपल्या सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं. तो खाली बसतो आणि हवेत साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत पेटतो. म्हणजे माझ्या खणात दोन वायूंसाठी दोन वाटा हव्या होत्या: एक अगदी तळाशी, एक अगदी माथ्याशी. मी दोन्ही बुजवल्या होत्या. नंतर घरी बसून हिशेब केला. एक किलो द्रव गॅसचा साधारण ४५० लिटर वायू होतो. माझा खण १,७०० लिटरचा. त्याची हवा पेटण्याजोगी व्हायला ३४ लिटर वायू पुरे, म्हणजे सुमारे पाऊणशे ग्रॅम गॅस. १९ किलोतला पाऊणशे ग्रॅम! सिलिंडरांनी व्यापलेली जागा वजा केली तर त्याहून कमी. त्याच गॅसला वेल्डरची भोकं मिळाली असती तर तो रस्त्यावर पांगून गेला असता.

पण या सगळ्यांत मला जास्त अस्वस्थ करणारी बाब वासाची आहे. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. त्यावरच सगळ्या घरांचं, सगळ्या आचाऱ्यांचं रक्षण उभं आहे. आणि जास्त तापलेल्या बॅटरीचा वास त्याच्या इतका जवळचा असतो की माणूस फसतो. दोन्ही वस्तू शेजारी ठेवून मी नुसते दोन धोके एकत्र आणले नव्हते. एकाची सूचना दुसऱ्याच्या नावावर खपवली जाईल अशी सोय करून ठेवली होती. "बॅटरीचा आहे, काही होत नाही." हे वाक्य मी बोललो. ते बोलायची सवय मला त्या खणानं लावली.

परतताना मी त्या पोराला केबिनमध्ये माझ्याशेजारी बसवलं आणि त्याच्या कामाविषयी पहिल्यांदा विचारलं. वीज केंद्राला बॅटऱ्या कशाला लागतात हेही मला ठाऊक नव्हतं. सगळीकडची वीज गेली तरी फिरतं टर्बाईन थांबेपर्यंत त्याच्या बेअरिंगांना तेल मिळत राहावं लागतं. तो पंप बॅटऱ्यांवर चालतो. त्या बॅटऱ्यांची खोली वेगळी, तिथं दुसरं काहीही ठेवायचं नाही आणि हवा सतत बाहेर काढणारे पंखे चालू. मोठं जनरेटर थंड ठेवायला तर आतमध्ये हायड्रोजनच भरलेला असतो, कारण तो उष्णता झटपट वाहून नेतो. तो भरण्याआधी आतली हवा कार्बन डायऑक्साइडनं हुसकून लावतात आणि मग हायड्रोजन सोडतात, म्हणजे हवा आणि हायड्रोजन यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मी ऐकत होतो. जे लोक दोन वायूंची गाठ पडू नये म्हणून मध्ये तिसरा वायू घालतात त्यांना मी भित्रे म्हणत होतो.

नागपंचमी त्या वर्षी २१ ऑगस्टला होती. २६ ऑगस्टच्या पहाटे मदुराईच्या रेल्वे यार्डात उभ्या असलेल्या एका डब्याला आग लागली. लखनऊहून दक्षिणेच्या यात्रेला निघालेल्या लोकांचा तो खास आरक्षित डबा. गाडीत सिलिंडर न्यायला रेल्वेची बंदी असताना ते लपवून नेलेलं होतं, आणि सकाळचा चहा करायला घेतला होता. नऊ माणसं गेली. मौद्यातल्या हॉटेलात बातमी वाचून लोक म्हणत होते, कसे बेअक्कल असतात एकेक. दोन आठवड्यांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो, आणि माझ्या टेम्पोत आणि त्या डब्यात काही साम्य आहे असं मला वाटलंही नसतं. ते यात्रेकरूच होते. त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल की काही होत नाही.

खण मी तोडला. आता सिलिंडर हौद्याबाहेर, केबिनच्या मागच्या मोकळ्या जागेत, जाळीच्या पिंजऱ्यात असतात. तळही जाळीचा, म्हणजे गळलेला गॅस थेट रस्त्यावर उतरतो. हौद्याच्या बाजूचा पत्रा मात्र पूर्ण बंद, कारण आत हौद्यात तो शिरता कामा नये. सिलिंडर उभीच, पट्ट्यांनी आवळलेली. आडवं केलं की वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो आणि त्याचा वायू होताना तो सुमारे अडीचशे पटींनी फुगतो. टोपी भरलेल्याला आणि रिकाम्यालाही, कारण ज्याला आपण रिकामं म्हणतो त्यात थोडा गॅस उरलेला असतोच. पाश्चात्त्य देशांत लोक जी राहती गाडी मोटारीमागे जोडून सहलीला नेतात, तिच्यातही प्रोपेनच्या टाक्या घराबाहेर, ओढण्याच्या दांड्यावर उघड्या हवेत बसवतात, किंवा आत उघडत नसलेल्या आणि तळाशी झडप असलेल्या कपाटात. २०२१ मध्ये आपल्या राज्यानंही कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या अशा गाड्या ताडोबाच्या, पेंचच्या वाटेला दिसतील. त्या बांधणाऱ्यांनी माझ्यासारखा सुबक खण बांधू नये.

बॅटरी दुसऱ्या टोकाला, वरून हवा जाईल अशा पेटीत. खुंट्यांवर रबरी टोप्या, तारेला जवळच फ्यूज. इंजिनावर चार्ज करायची माझी ती तार काढून टाकली. आता चार्जिंग मुक्कामाला, बॅटरी उघड्यावर ठेवून. चिमटे आधी लावायचे आणि मग चार्जर चालू करायचा. काढताना आधी चार्जर बंद, मग चिमटे. उलट केलं की ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते. कोणी म्हणतात, लिथियमची घ्या, तिला पाणीच लागत नाही. खरं आहे, रोजच्या वापरात ती असा वायू सोडत नाही. पण ती आदळली, तापली किंवा बिघडली तर तिच्यातूनही पेटणारे वायू निघतात. तीही गॅसशेजारी ठेवायची नाही. माणसं आता वेगळ्या गाडीनं येतात. मंडळाचा खर्च वाढला, तो भागवतो.

गावात परत आल्यावर मी लोकांच्या घरात पाहू लागलो. बिछायतीच्या कामानं मला प्रत्येक घराच्या आत जावं लागतं. मौद्यात असो की नागपुरात, जिन्याखालच्या कोनाड्यात इन्व्हर्टर असतो, आणि त्याच्याच शेजारी जादाचं सिलिंडर, कारण दोन्हींना ती जागा सोयीची. समोर पडदा किंवा दार, दिसायला वाईट नको म्हणून. कुठं ई-रिक्षा रात्रभर चार्जिंगला लावलेली असते ती स्वयंपाकघराच्या भिंतीला खेटून. मी सांगतो. लोक हसून म्हणतात, भाऊ, इतकी वर्षं काही झालं नाही. मला राग येत नाही. हे वाक्य मीच मौद्यात वाटत फिरलो आहे.

तुमच्या घरात असा कोनाडा असेल तर सिलिंडर तिथून आजच हलवा, जमिनीलगत वारा खेळेल अशा जागी उभं ठेवा आणि त्याच्या तोंडावर टोपी आहे का पाहा. वास आला तर तो कशाचा आहे यावर वाद घालू नका. कोणतंही बटण लावू नका आणि बंदही करू नका, जाळ विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो.

आणि माझं ऐकून ज्या बिछायतवाल्यांनी, कॅटरिंगवाल्यांनी, मंडळांनी पत्र्याचे बंद खण करून घेतले, त्यांनी ते पुढच्या कामाला निघण्याआधी उघडावेत. मौद्याला माझ्याकडे गाडी घेऊन या. वेल्डर माझा आहे आणि पैसे मी देईन.